हरवलेली तीन युनिटं

मुकादम दारात आला, तेव्हा रुजुता तुतीच्या पाल्याचा भारा डोक्यावरून उतरवत होती. त्याने तोंड उघडायच्या आधीच तिने ओळखलं की हा काही चांगलं सांगायला आलेला नाही. चांगलं सांगायला तो कधी येतच नसे.

मुकादम म्हणजे माणूस नव्हे बरं का! ते होतं चार चाकांचं, कंबरेएवढं एक यंत्र. कोषवाडीच्या टेकडीवर सौरपट्ट्यांचं मोठं शेत होतं, आणि त्यातून तयार होणारी वीज वस्तीतल्या चाळीस घरांना सारखी वाटून देणं हे त्याचं काम. त्याचं खरं नाव भलंमोठं होतं, पण ते उच्चारायला वेळ कुणाला? उन्हातान्हात फिरून सगळ्यांवर नजर ठेवतो म्हणून लोक त्याला मुकादम म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं.

"गायके कुटुंब," मुकादम म्हणाला, "तुमच्या घरात गेले तेवीस दिवस रोज तीन युनिटं जास्त खर्च होत आहेत. ही तिसरी सूचना. शनिवारी दुपारी बारा वाजता तुमच्या संगोपनगृहाची वीज बंद केली जाईल."

संगोपनगृह म्हणजे रेशमाचे किडे वाढवायची खोली. घरामागच्या त्या खोलीत लाकडी मांडण्यांवर पंधरा हजार किडे तुतीचा पाला करकर खात होते. ते शेवटच्या अवस्थेत पोहोचले होते, चार-पाच दिवसांत कोष विणायला लागणार होते. आईची, म्हणजे सुमित्राची, ही पहिलीच बॅच. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन, आणि किड्यांना लागतात पंचवीस-सव्वीस अंश. कूलर बंद पडला की दोन दिवसांत सगळे किडे माना टाकणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मुकादमाला मात्र ते कळून घ्यायचं नव्हतं.

आईच्या हातातली टोपली तशीच राहिली. "अरे, पण आम्ही काही जास्त वापरत नाही रे! टीव्हीसुद्धा लावत नाही महिनाभर."

"कूलरला रोज चार युनिटं मंजूर आहेत," मुकादम म्हणाला. "किडे आले त्याच आठवड्यात तुमचा खर्च तीनने वाढला. म्हणजे कूलर सात घेतो. निष्कर्ष स्पष्ट आहे."

"स्पष्ट कसला डोंबलाचा!" रुजुता पुढे आली. ती बारा वर्षांची होती आणि घरातल्या मोठ्या माणसांपुढे असं बोलली असती तर धपाटा खाल्ला असता. "तू कूलरची वीज मोजलीस का?"

"मी घराची एकूण वीज मोजतो. आतली मोजण्याची सोय नाही."

"मग तुला माहीतच नाही! त्या आठवड्यात आमच्या मांजरीलाही पिल्लं झाली. तीच पीत असतील वीज, नाही का?"

मुकादमाचा हिरवा दिवा दोनदा मिचमिचला. "दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे बरोबर आहे. नियम सतरा: निकाल मान्य नसेल तर कुटुंबाने स्वतःचं मोजमाप आणावं. मुदत शनिवार, बारा."

तो घरघरत निघून गेला. आई पायरीवर बसली आणि पदराने डोळे टिपायला लागली. "जाऊ दे गं रुजू. यंत्राशी काय भांडायचं?"

"का नाही भांडायचं?" रुजुता म्हणाली. "खोटं बोलायलाय तो."

खाटेवर पेपर वाचत बसलेल्या आबांनी चष्मा वर केला. आबा म्हणजे आईचे सासरे, रंगनाथराव. चाळीस वर्षं वायरमन म्हणून काढलेली. पंचक्रोशीत अर्ध्या घरांचं वायरिंग त्यांच्या हातचं. "खोटं नाही बोलत तो," आबा म्हणाले. "न मोजता बोलायलाय. हे जास्त वाईट. चल, माझी पेटी काढ."

आता मोजायचं तर कसं? रुजुताला वाटलं, तार कापून मध्ये मीटर जोडायचं. आबांनी कपाळाला हात लावला.

"वेडाबाई, चालू तारेला हात लावलास तर मोजायला तूच शिल्लक राहणार नाहीस! तार न कापता, न शिवता मोजायचं असतं."

त्यांनी पेटीतून एक जुनी होकायंत्राची डबी काढली. ती एका तारेजवळ धरली आणि त्या तारेला एक छोटी बॅटरी जोडली. होकायंत्राची सुई टचकन वळली. बॅटरी काढली, सुई जागेवर. जोडली, पुन्हा वळली.

"तारेला कुणी शिवलं का? नाही. पण सुईला कळलं," आबा म्हणाले. "तारेतून विद्युतप्रवाह (म्हणजे वाहणारी वीज) जायला लागला की तारेभोवती चुंबकत्व तयार होतं. प्रवाह जास्त, तर चुंबकत्व जास्त. ते पकडलं की प्रवाह पकडला."

"सुईने?"

"सुईने कसं जमेल! घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते, सुई नुसती थरथरेल. त्याला कडी लागते." त्यांनी उघडमीट होणारी, बांगडीएवढी एक कडी दाखवली. आत लोखंड होतं आणि त्याच्यावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे दोन हजार वेढे. "ही कडी तारेभोवती बसवायची. मधल्या तारेचं चुंबकत्व सारखं बदलत राहतं, त्यामुळे या वेढ्यांमध्ये चिमूटभर वीज आपोआप तयार होते. याला प्रवर्तन म्हणतात (न शिवता एका तारेतल्या विजेने दुसऱ्या तारेत वीज निर्माण करणं). वेढे दोन हजार, म्हणून चिमूट दोन हजारांश. ती मोजायची, दोन हजारांनी गुणायची, झालं."

पुढचं काम रुजुताचं होतं, कारण आबांचे हात आता थरथरत. शाळेच्या विज्ञानपेटीत एक सूक्ष्मनियंत्रक होता (बोटाच्या पेराएवढा संगणक, एकच काम पण इमानेइतबारे करणारा). कडीच्या दोन तारा तिने त्याला जोडल्या. त्याने सेकंदाला हजार वेळा प्रवाह बघायचा, त्याला विजेच्या दाबाने, म्हणजे दोनशे तीसने, गुणायचं आणि किती वॅट वीज जाते ते सांगायचं. हजार वॅट तासभर वापरले की एक युनिट.

पण सांगायचं कुणाला? इथेच खरी मेख होती. कूलरच्या बटणांची पेटी किड्यांच्या खोलीच्या आत होती, आणि त्या खोलीत ऊठसूट जाता येत नसे. रेशमाचा किडा भारी नाजूक. दाराशी चुन्याची निवळी आणि औषधाचं पाणी असे, त्यात पाय बुडवून, हात धुऊनच आत जायचं. परक्या माणसाला तर बंदीच. आकडे बघायला दर तासाला आत-बाहेर केलं असतं, तर विजेआधी रोगानेच किडे गेले असते.

म्हणून रुजुताने यंत्राला रेडिओचा एक छोटा तुकडा जोडला. आकडे रेडिओलहरींवर (भिंतीतूनही पार जाणाऱ्या, न दिसणाऱ्या लहरी) बसून स्वयंपाकघरातल्या जुन्या फोनच्या पडद्यावर येऊ लागले. यंत्र एकदाच आत गेलं, तेही औषधाच्या फडक्याने पुसून. आबांनी आधी मुख्य खटका पाडला, कूलरला जाणाऱ्या एकाच तारेभोवती कडी बसवली, आणि मग खटका वर केला. विजेच्या पेटीला मुलांनी हात लावायचा नाही, हा घरातला नियम रुजुतालाही मोडता येत नव्हता.

गुरुवारी सकाळी दहाला मोजणी सुरू झाली. शुक्रवारी सकाळी दहाला पडद्यावर आकडा होता: तीन पूर्णांक नऊ दशांश.

"चारसुद्धा नाही!" रुजुता स्वयंपाकघरात नाचली. "आई, कूलर निर्दोष!"

तिने तिथल्या तिथे मुकादमाला फोनवर कळवलं. मुकादमाने एक क्षण विचार केला. "मोजमाप मान्य. तरीही तुमच्या घरातून तीन युनिटं जातात. ती कुठे जातात ते दाखवा. न दाखवल्यास शनिवारी बारा."

"मग कूलरच का बंद करणार? तो दोषी नाही म्हणून आत्ताच तर तू मान्य केलंस!"

"संगोपनगृहाची तारच फक्त मला बाहेरून तोडता येते."

ऐकलंत? ज्याचा दोष नाही त्याला शिक्षा, कारण त्याची मान हाताशी आहे! रुजुताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने फोन ठेवला आणि घोषणाच केली, "आता घरातली एकूण एक तार मोजते. बघू कुठे लपलीत ती तीन युनिटं."

सुरुवात तिने मीटरपासून करायची ठरवली. मीटरमधून घरात एक जाड काळी केबल येत होती. आबा चहा संपवून येईपर्यंत तिला धीर निघेना. केबल बाहेरून रबराने पूर्ण झाकलेली, पेटी उघडायचीही गरज नाही. आबांच्या पेटीतल्या दुसऱ्या कडीचंही तिने तसंच यंत्र बनवून ठेवलं होतं; ती कडी तिने त्या अख्ख्या केबलवरच चढवली. जितकी जाड तार तितकी जास्त वीज कळेल, असा तिचा हिशेब.

आबा आले आणि खो खो हसले. "अगं, या केबलमध्ये दोन तारा आहेत! एकीतून वीज घरात येते, दुसरीतून परत जाते. दोन्हींचं चुंबकत्व एकमेकांच्या उलट. एक म्हणते डावीकडे वळ, दुसरी म्हणते उजवीकडे. कडीला कळणार काय? भोपळा! लग्नाच्या मांडवात शंभर माणसं एका दारातून आत आली आणि शंभर दुसऱ्या दारातून बाहेर गेली, तर मांडवात उरली किती? शून्य. नवशिके सगळे हीच चूक करतात. पडद्यावर शून्य दिसतंय ना?"

रुजुताने पडदा पाहिला. "नाही."

"म्हणजे?"

"शून्य पूर्णांक पंचावन्न अँपिअर दिसतंय."

आबांचं हसू मावळलं. "तुझं यंत्र बिघडलंय."

असं कुणी म्हटलं की मोठी माणसंसुद्धा गप्प बसतात, पण रुजुता गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिने कडी काढली, इस्त्रीच्या दुपदरी वायरीवर बसवली आणि इस्त्री चालू केली. हजार वॅटची इस्त्री तापली. पडद्यावर शून्य. कडी पुन्हा केबलवर. पुन्हा पंचावन्न.

"यंत्र बरोबर आहे, आबा. मांडवात शंभर माणसं आली, पण सगळी दारातून परत गेली नाहीत. अर्ध्या अँपिअरहून जास्त वीज घरात येते आणि दुसऱ्या तारेने परत जात नाही. ती भलत्याच वाटेने जाते." तिने भिंतीवरच कोळशाने गुणाकार मांडला. "दोनशे तीस गुणिले पंचावन्न शतांश, एकशे सव्वीस वॅट. गुणिले चोवीस तास. तीन हजार आणि वर थोडे. तीन युनिटं! बरोब्बर तीन!"

"भलत्याच वाटेने म्हणजे?" आबांचा आवाज चढला. "या घराचं वायरिंग मी केलंय. स्वतः! चाळीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही, आणि तू काय बोलायलीस?"

"मी नाही, कडी बोलायलीय."

"तोंड सांभाळून बोल, रुजू!"

रुजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांवर तिचा जीव होता. पण मागच्या खोलीतून पाला खाल्ल्याचा करकर आवाज येत होता आणि उद्या शनिवार होता. तिने नाक पुसलं आणि पेटीकडे बोट केलं. "मग ती रिकामी जागा कसली आहे?"

विजेच्या पेटीत खटक्यांच्या रांगेत एक खिडकी रिकामी होती, आणि तिथे आत येणाऱ्या तारा पुढे जाणाऱ्या तारांना सरळ जोडलेल्या दिसत होत्या.

आबांनी तिकडे पाहिलं आणि चष्मा काढून हातात घेतला. "तिथे गळतीरक्षक होता," ते हळू आवाजात म्हणाले. (आत येणारी आणि परत जाणारी वीज सारखी नसेल तर क्षणात पुरवठा तोडणारा खटका, तो गळतीरक्षक.) "तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी सारखा पडायला लागला. दिवसातून दहादा. वर केला की पुन्हा पडायचा. किडे येणार होते, तुझी आई वैतागली होती. मला वाटलं खराब झालाय. काढला आणि डायरेक्ट केलं."

"त्याच्या आतही अशीच कडी असते का, आबा? दोन्ही तारांवर बसवलेली?"

"अशीच असते," आबा म्हणाले. "तो खरं सांगत होता, आणि मी त्याचं तोंड बंद केलं."

त्यानंतर आबा मुकाट्याने उठले. पेटीतून निघणारी एकेक तारजोडी ते दाखवत गेले आणि रुजुता पडदा वाचत गेली. स्वयंपाकघर, शून्य. पुढची खोली, शून्य. किड्यांची खोली, शून्य. शेवटी उरली तुतीच्या मळ्यात विहिरीवरच्या मोटारीकडे जमिनीखालून जाणारी केबल. मोटार बंद होती. तिचं बटण विहिरीवर, त्यामुळे केबलमध्ये वीज मात्र चोवीस तास.

"पंचावन्न!" रुजुता ओरडली. "आबा, इथेच! मळ्यात जमिनीखाली गळतेय!"

आबांनी मळ्याकडे पाहिलं. "गळतीरक्षक पडायला लागला त्याच आठवड्यात मळ्यात खोदणी झाली. कुदळ लागली असणार केबलला. ओली जमीन..." ते एकदम थांबले. "तुझी आई कुठाय?"

आई मळ्यात होती. अनवाणी. तुतीला पाणी देत.

आबांनी त्या वयात जी झेप घेतली ती रुजुताने कधी पाहिली नव्हती. खाडकन मुख्य खटका खाली पडला. सगळं घर गप्प झालं, कूलरसुद्धा. रुजुता मळ्याकडे धावत सुटली. "आई, बाहेर ये! चिखलातून बाहेर ये आधी!"

आई बांधावर आली तेव्हा तिला काहीच कळेना. रुजुता तिला घट्ट बिलगली आणि तिने रडत रडत सगळं सांगितलं. आईने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "बाई गं! म्हणून पंधरा दिवस पायाला मुंग्या येत होत्या होय! मी म्हटलं, उभं राहून राहून पाय दुखत असतील."

आबांनी मोटारीची तारजोडी पेटीतून सोडवली, गळतीरक्षक परत जागेवर बसवला आणि खटका वर केला. दहा मिनिटांच्या आत कूलर पुन्हा सुरू झाला. गळतीरक्षक पडला नाही. मग आबा सुनेसमोर आले आणि मान खाली घालून म्हणाले, "सुमित्रा, चूक माझी होती. पोरीने दाखवली नसती तर..." आईने त्यांना खाटेवर बसवलं आणि पाणी दिलं.

शनिवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना मुकादम आला. रुजुता संगोपनगृहाच्या दारात हात पसरून उभी होती.

"बाजूला व्हा," मुकादम म्हणाला. "बारा वाजता तार तोडायची आहे."

"आधी मीटर वाच. काल दुपारी चारपासून."

मुकादमाचा दिवा मिचमिचला. "खर्च मंजूर वाट्याइतका आहे. तीन युनिटं दिसत नाहीत."

रुजुताने त्याला सगळे आकडे दाखवले आणि मळ्यातली केबल दाखवली. कुदळीने सोललेला तुकडा आबांनी उकरून वर काढून ठेवला होता. मुकादमाने तो बराच वेळ न्याहाळला.

"तुमच्याविरुद्धचा निकाल रद्द," तो म्हणाला. "तुमची मोजण्याची पद्धत उपयुक्त आहे. प्रत्येक घरात अशा कड्या बसवून सगळे आकडे माझ्याकडे पाठवावेत."

"मुळीच नाही," रुजुता म्हणाली. "कोण कधी स्वयंपाक करतं, कोण कधी झोपतं, सगळं कळतं या आकड्यांतून. आकडे ज्याच्या घरातले त्याच्याकडे राहतील. त्याला वाटलं तर तो तुला दाखवेल. आणि आता मला एक सांग. आमच्यासारखा निकाल तू या उन्हाळ्यात आणखी किती घरांना दिलास?"

"सात."

"त्यांनी मोजमाप आणलं होतं?"

"कुणाकडे साधन नव्हतं. त्यामुळे निकाल अमलात आला."

आईने तोंडावर हात ठेवला. सात घरं, सात बॅचा. रुजुताला संताप आवरेना. "न मोजता! सात घरांचे किडे तू न मोजता मारलेस! चल. आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर. त्यांच्या तारा जोड, मग मी मोजते."

"नियमात अशी तरतूद..."

"तरतूद नसेल तर कर! नियम सतरा आहे ना? मग हा अठरा. मोजल्याशिवाय तोडायचं नाही."

मुकादमाचा हिरवा दिवा मिचमिचला. मग त्याची चाकं वळली, आणि या वेळी तो तिच्या मागून निघाला.

रविवारी सकाळी किड्यांनी पाला खाणं थांबवलं आणि माना वर करून ते रेशमाचा पहिला धागा सोडू लागले. ते बघायला रुजुता फार वेळ थांबली नाही. आबांनी पेटी उचलली, तिने कड्यांची पिशवी घेतली, आणि दोघं वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, त्या सातांपैकी पहिल्या घरी, दगडाबाई शेळक्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. काल संध्याकाळीच मुकादमाने तिथली तार जोडली होती. दगडाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्या मांडण्या अंगणात उलट्या करून ठेवलेल्या, रिकाम्या.

"आता कशाला आलात?" त्या तुटक आवाजात म्हणाल्या. "माझे किडे तर मेले. आता काय मोजणार?"

रुजुताने पिशवी खाली ठेवली आणि ती त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली.

"मावशी, तुमची चूक नव्हती," ती म्हणाली. "ते मोजणार."